दोन वाडगे रस्सा

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही, आणि ही गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखी नाही. गोष्ट आहे कोंबडीच्या रश्श्याची. हसू नका. गळ्यात तुळशीची माळ आहे, आजवर अंडंसुद्धा तोंडात घातलेलं नाही, आणि तरी एका रविवारी सकाळी नऊपासून मी त्या रश्श्याच्या पातेल्यापाशी बसून होते. का, ते सांगते.

साल एकोणीसशे शहाण्णव. आम्ही तेव्हा जपानात, टोकियोजवळ ग्योतोकुला राहत होतो. माझे यजमान हरीश सकाळी सातला निघायचे आणि तोझाई लाइनच्या शेवटच्या गाड्यांपैकी कुठल्या तरी गाडीने परतायचे. मधले सगळे तास माझे. माझे वडील मिरजेला कीर्तनाच्या साथीला पेटी वाजवत. त्यांनी भरून दिलेल्या अकरा कॅसेट माझ्यापाशी होत्या. भांडी घासताना कीर्तन, कपडे वाळत घालताना कीर्तन. बुवा ओळ सोडायचे, कॅसेटमधली माणसं ती उचलून धरायची, मीही धरायची. भिंती पातळ, म्हणून हळूच. मी त्यांच्याबरोबर म्हणतेय हे मला ठाऊक असायचं, त्यांना नसायचं. एवढंच काय ते.

दर मंगळवारी आमच्या वस्तीच्या सभागृहात परदेशी बायकांसाठी जपानीचा फुकट वर्ग असायचा. तिथे फुमिको-सान भेटल्या; सान म्हणजे आपलं 'राव' नाहीतर 'बाई'. पहिल्या दिवशी मला वाटलं, याच शिकवणार. पंचावन्नच्या आसपास वय, चेहरा जपानी, नाव जपानी. पण त्या येऊन बसल्या माझ्याच बाकावर, आणि बाईंनी विचारलेल्या अगदी साध्या प्रश्नाला माझ्याहून वाईट उत्तर दिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घाबरू नकोस. मी इथलीच आहे, फक्त पन्नास वर्षं उशिरा आले."

त्यांची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. महायुद्धाच्या आधी चीनच्या ईशान्येला शेती करायला म्हणून जपानी कुटुंबं नेली होती. युद्ध हरल्यावर ती तिथेच अडकली. बाया-मुलं थंडीत पायी निघाली. पोर आपल्याजवळ मरण्यापेक्षा दुसऱ्याजवळ जगू दे, म्हणून कित्येक आयांनी वाटेवरच्या चिनी घरांत मुलं देऊन टाकली. फुमिको-सान त्यांपैकी एक. चार वर्षांच्या होत्या. लिऊ नावाच्या शेतकऱ्याच्या घरी वाढल्या, नाव ग्वेइफांग झालं, लग्न झालं, एक मुलगी झाली, नवरा वारला. तिकडे गावाने त्यांना जन्मभर जपानीण म्हटलं. पन्नाशीला, मागे राहिलेल्या मुलांच्या सरकारी यादीतून परत इथे आल्या, तर इमारतीतले शेजारी चिनीण म्हणू लागले.

त्यांचा एक भाऊ सापडला होता. सेइजी-सान. पाच वर्षांनी मोठे, नागानोच्या डोंगरात सफरचंदांची बाग. आई तिकडेच छावणीत वारलेली, हे नऊ वर्षांचं पोर एकटंच बोटीने परतलेलं. सरकारी कचेरीत दुभाष्याला मधे बसवून भाऊ-बहीण वीस मिनिटं भेटले. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, ही माझीच बहीण, अशा कागदावर शिक्का मारला आणि गेले. त्यानंतरच्या पाच वर्षांत नववर्षाची कार्डं आली, फळांच्या पेट्या आल्या. ताटातुटीच्या दिवसाबद्दल एक अक्षर आलं नाही.

फुमिको-सानना हेच खात होतं. एकदा वर्गातून सायकली हातात धरून चालत येताना त्या म्हणाल्या, "मिनी-सान, त्याने दयेपोटी शिक्का मारला असेल तर? त्याची खरी बहीण वाटेत मेली असेल. कुणीतरी हवं होतं, ती मी सापडले. मग मी कोण?"

माझं नाव पद्मिनी. त्यांच्या जिभेला एवढंच झेपायचं, मिनी. मी म्हटलं, त्यांना घरी जेवायला बोलवा. माणूस जेवायला बसला की आपोआप बोलतो.

आता बघा, बोलवायला मीच सांगितलं. हे लक्षात असू द्या.

आम्ही दोघींनी मिळून पत्र लिहिलं, वर्गातल्या बाईंनी सुधारून दिलं. फोन नंबर माझा घातला. फुमिको-सानच्या घरी फोन होता, पण त्यावर त्यांनी रुमाल टाकून ठेवला होता. समोरचं माणूस दिसत नसताना भराभरा येणारी जपानी ऐकली की त्यांना एक शब्द धरता यायचा नाही. वाजला तरी उचलायच्या नाहीत. दहा दिवसांनी उत्तर आलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी टोकियोला काम आहे, दुपारी एक वाजता येईन.

आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यांचा फोन आला. आवाज सावकाश, प्रत्येक शब्द सुटा, मला कळावा म्हणून. स्टेशनातून कुठल्या बाजूने बाहेर पडायचं, ते विचारलं. मी सांगितलं. बहिणीची तब्येत विचारली. मी सांगितलं. मग म्हणाले, बहिणीला उगाच त्रास नको, साधंच काहीतरी करायला सांगा. आणि मी, मेली बोलघेवडी, कौतुकाने सांगून बसले: छे हो, त्रास कसला, त्यांनी खाटकाला सांगून म्हातारी कोंबडी मागवली आहे. त्यांच्या चीनमधल्या आईच्या हातचा रस्सा करणार आहेत. त्यात कणकेचे तुकडे, हातावर घेऊन अंगठ्याने दाबलेले.

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन तुटला. दोनदा "मोशी मोशी", म्हणजे तिकडचं हॅलो, केलं. मग ते म्हणाले, "मला येता येणार नाही. माफ करा. तिला तसं सांगा." आणि ठेवला.

मी रिसीव्हर हातात धरून उभी. फुमिको-सान तेव्हा कामावर. एका कचेरीत संध्याकाळची साफसफाई करायच्या, दहाच्या पुढे परतायच्या. ठरवलं, सकाळी जाऊन सांगू.

सकाळी नऊला गेले, तर दार उघडण्याआधीच वास आला. कोंबडी चुलीवर चढली होती.

आता आमच्या घरची एक रीत सांगते. चुलीवर अन्न आणि पानावर माणूस असताना वाईट बातमी सांगायची नाही. वडील ज्यांच्या साथीला बसत ते बुवा गेल्याची तार आली तेव्हा वडील जेवत होते. आईने तार पदरात धरून त्यांना ताक वाढलं, आणखी हवं का विचारलं, हात धुऊ दिले, आणि मग दिली. मी तेव्हा दहा वर्षांची. हे असंच करायचं असतं, हे माझ्या हाडात मुरलेलं. त्यामुळे त्या दारात माझं तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, पातेलं उतरू दे, मग सांगते. रस्सा उतरायला तीन तास लागतात, हे मला कुठे माहीत होतं.

फुमिको-साननी पहिलं उकळलेलं पाणी फेकून दिलं होतं. कोंबडी धुऊन पुन्हा गार पाण्यात घातली होती, आल्याच्या जाड चकत्या, कांद्याच्या पातीची जुडी, आणि मुलीने चीनमधल्या हार्बिनहून पाठवलेल्या वाळक्या अळंब्या. आच अगदी मंद. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, तर म्हणाल्या, "तुझ्या देवाला आज सर्दी झालीये असं समज. त्याला वास येत नाही."

मी हसले. हसताना बरं वाटलं नाही.

त्या झाऱ्याने वरचा फेस काढत राहिल्या. म्हणाल्या, उकळी फुटू द्यायची नाही, पाणी नुसतं हललं पाहिजे, नाहीतर रस्सा गढूळ होतो. हळूहळू वर पिवळ्या चरबीची नाणी तरंगायला लागली. मी मनात म्हणत होते, आता सांगते. तेवढ्यात त्यांनी माझ्यापुढे परात सरकवली. कणीक कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्याखाली ठेवलेली. त्यांनी लांब दोरी वळून दाखवली, चण्याएवढा तुकडा तोडला, तळहातावर ठेवला, अंगठ्याने दाबून पुढे ढकलला. तुकडा दुमडून मांजराच्या कानासारखा झाला.

मी म्हटलं, अहो, ही तर आमची वरणफळं. आम्ही डाळीत सोडतो.

"मग डाळवाली लोकंही शहाणी आहेत म्हणायची," त्या म्हणाल्या.

अशी आम्ही दोघींनी दोन ताटं भरली. अकरा वाजले. माझे कान जाड आणि त्यांचे पातळ. त्यांनी माझे वेगळे ठेवले, म्हणाल्या, हे वाईट नाहीत, पण आज सेइजीच्या वाडग्यात आईच्या पद्धतीचेच जायला हवेत. माझं ताट मी बाजूला सरकवलं. नंतर त्या आत जाऊन राखाडी कोट घालून आल्या. केस ओले करून बसवले होते. साडेबाराला माझ्या हातात झारा दिला, आच बघ म्हणाल्या, आणि स्टेशनवर निघाल्या. तेव्हाही मी बोलले नाही. वाटलं, देवाच्या मनात असेल तर येतीलही ते. माझ्या भित्रेपणावर मी देवाचं नाव घातलं, दुसरं काय.

मग मी आणि ते पातेलं. लहानशी खोली, टेबलावर दोन वाडगे पालथे, खाली बसायला दोन उश्या, त्यातली एक नवी, दुकानाची चिठ्ठी काढायची राहिलेली. गॅसचा सूं सूं आवाज. पाणी नुसतं हलत होतं. दीड वाजला. पावणेदोन वाजले. तार पदरात धरून बसलेली आई मला आठवली, आणि पहिल्यांदाच वाटलं की त्या दहा मिनिटांत वडिलांनी आणखी ताक मागितलं होतं, हसून मागितलं होतं, आणि आईने ते हसू एकटीने बघितलं होतं. मला तर पाच तास होत आले होते.

मी गॅस बंद केला आणि पायांत चपला अडकवून धावले.

तिकिटाच्या फाटकासमोर खांबाला न टेकता त्या ताठ उभ्या होत्या. गाडी आली की माणसांचा लोट बाहेर यायचा, त्या प्रत्येक म्हाताऱ्या पुरुषाच्या चेहऱ्याकडे बघायच्या, लोट विरायचा. मी जवळ जाऊन सांगून टाकलं. काल संध्याकाळी फोन आला होता. ते येणार नाहीत. मला कालपासून माहीत आहे.

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. ती नजर मी विसरलेले नाही आणि विसरू नये असंच मला वाटतं.

"कोंबडी कच्ची होती तेव्हा सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या.

मी माफी मागितली. आणि आता लपवायचं कशाला, म्हणून उरलेलंही सांगितलं: चूक माझीच आहे. ते येणार होते, रस्ता विचारत होते. मी तुमच्या रश्श्याचं सांगितलं आणि ते गप्प झाले, मग नाही म्हणाले. त्यांना चिनी जेवण नको असेल. मी बोलायला नको होतं.

"काय सांगितलंस? शब्द सांग."

मी शब्द सांगितले. म्हातारी कोंबडी. चीनमधल्या आईच्या हातचा. कणकेचे तुकडे, हातावर घेऊन अंगठ्याने दाबलेले.

"अंगठ्याने, असं म्हणालीस? आणि मग तो गप्प झाला? किती वेळ?"

मी म्हटलं, दोनदा मोशी मोशी म्हणण्याइतका.

आणखी एक गाडी आली. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेली. या वेळी फुमिको-साननी एकाही चेहऱ्याकडे बघितलं नाही.

"म्हणजे त्याला आठवतंय," त्या म्हणाल्या. "तो खरा आहे."

घरी येईपर्यंत त्या माझ्या दोन पावलं पुढे चालल्या. राग होताच, आणि असायलाच हवा होता. पातेलं पुन्हा मंद आचेवर ठेवून त्या माझ्याकडे पाठ करून बोलू लागल्या, चिनी आणि जपानी मिसळून, आणि मला जेवढं कळलं तेवढं असं.

लिऊंच्या घरातली बाई, म्हणजे फुमिको-सानना पुढे जिने वाढवलं ती आई, त्या हिवाळ्यात बाळंत झाली होती आणि मूल तिसऱ्या दिवशी गेलं होतं. मूल गेलं तरी बाई बाळंतीणच. सासूने तिच्यासाठी घरातली शेवटची कोंबडी रांधली. त्या दिवशी एक जपानी बाई दारात आली, कडेवर मुलगी, हाताला मुलगा. मुलगी आत घेतली गेली. आई बाहेर पाठ फिरवून उभी राहिली आणि मुलगा उंबऱ्यात. तेव्हा त्या बाळंतिणीने उठून आपल्या वाटचा रस्सा त्या मुलाला दिला, त्यात अंगठ्याने दाबलेले कान. तो एक वाडगा प्यायला. तिने दुसरा दिला. तोही प्यायला. मग आईने त्याचा हात धरला आणि दोघं बर्फात चालू लागली.

"आई ही गोष्ट मला दर थंडीत सांगायची," फुमिको-सान म्हणाल्या. "आनंदाने सांगायची. तुझा भाऊ दोन वाडगे जेवला, रिकाम्या पोटी नाही गेला, म्हणायची. मी तेच करून घालणार होते. मला वाटलं, एवढी एकच गोष्ट आमच्या दोघांची आहे. त्याच्या बाजूने ती कशी असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

मलाही तेव्हाच उमगलं. नऊ वर्षांचं भुकेलं पोर. आत बहीण राहिली, आणि हातात गरम वाडगा आला. त्याने दुसराही घेतला. पन्नास वर्षं तो माणूस काय गिळत आला असेल.

फुमिको-सान उठल्या. फोनवरचा रुमाल काढला, घडी घालून बाजूला ठेवला. भावाच्या पत्राच्या पाकिटावरचा नंबर बघून स्वतः फिरवला. मी उठून बाहेर जायला लागले, तर हाताने खाली बस म्हणून खूण केली.

पलीकडून कुणी उचललं, सेइजी-सानना बोलावलं; टोकियोला ते गेलेच नव्हते. मग त्या, आमच्या वर्गात शिकवलेल्या साध्या, तुटक वाक्यांत बोलल्या. प्रत्येक वाक्यानंतर थांबत होत्या.

"मी फुमिको. ऐका. त्या आईने तुमची आठवण काढली. दर वर्षी. मुलगा दोन वाडगे जेवला, म्हणायची. ती खूश होती. मरेपर्यंत खूश होती. तुम्ही जेवलात ते चांगलं केलंत."

त्या रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. मला इथून काही ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी दोनदा "हाय", म्हणजे हो, म्हटलं, वाकून नमस्कार केला, भिंतीलाच, आणि फोन ठेवला.

मग त्यांनीच सांगितलं.

"म्हणाला, त्यात मीठ नव्हतं."

बाळंतिणीच्या रश्श्यात त्या गावात मीठ घालत नसत. आईने ही गोष्ट सांगताना हे कधीच सांगितलं नव्हतं, तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नसेल. जो तो रस्सा प्यायला, त्यालाच ते ठाऊक असणार. फुमिको-सान ओट्याशी गेल्या, चव घेतली, आणि मग एका वाडग्यात रस्सा वाढून घेतला. दुसरा वाडगा पालथा होता तो तसाच राहिला. माझ्यासाठी त्यांनी माझे ते जाड कान नुसत्या पाण्यात उकडून वर तीळ आणि सोयाबीनची चटणी घालून दिले. आम्ही समोरासमोर जेवलो. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या खात होत्या, थांबत नव्हत्या. मी नव्या उशीवर बसले होते. ती उशी माझी नव्हती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

राग त्यांनी महिनाभर धरला. मंगळवारी दुसऱ्या बाकावर बसायच्या. मग एक दिवस येऊन वही माझ्या वहीशेजारी ठेवली.

सेइजी-सान त्या वर्षी आले नाहीत, पुढच्या वर्षीही नाहीत. महिन्यातून एकदा मात्र फोन वाजायचा, आणि त्या उचलायच्या. काय बोलता, विचारलं तर म्हणायच्या, फार काही नाही, दोघंही वाईट बोलतो, मी जपानी आणि तो एकूणच. अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत ते बागेत पडले आणि गेले. फुमिको-सान एकट्या नागानोला जाऊन आल्या. परत आल्यावर मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी काही रांधलं नव्हतं. आम्ही दिवा न लावता बसलो, आणि त्यांनी मला तुझी ती माणसं लाव म्हणून सांगितलं. मी घरून कॅसेट आणली. एक अक्षर कळत नसताना त्या ओळ उचलून धरणाऱ्यांबरोबर हळूच ओठ हलवत राहिल्या. त्या दिवशी तरी मागे म्हणणारं कुणीतरी माझ्या शेजारी होतं.

पुढे आम्ही पुण्याला परतलो. पत्रं काही वर्षं आली, मग थांबली.

माझी एवढीच विनवणी आहे. तुम्ही उद्या जेवायला बसाल, समोर काही गरम असेल, तेव्हा त्या बाळंतिणीची आठवण काढा. मी फुमिको-सानना तिचं नाव विचारलं होतं. त्यांना माहीत नव्हतं. गावात तिला लिऊंच्या घरातली म्हणत, आणि त्या आई म्हणत. कूस रिकामी झालेली, तिसऱ्या दिवशीची, ओल्या अंगाची बाई उठली आणि आपल्या वाटचं परक्या पोराला दिलं, दोनदा दिलं. नावाशिवाय आठवायला जड जाईल, मला कल्पना आहे. तरी आठवा.